दाखला देणारा कोणाच्या पदरी?

गेल्या दहा-बारा वर्षांत शेअरबाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल ज्यांनी नियमाने चाळले असतील, त्यांना त्या पुस्तिकांच्या अंतरंगात झालेला एक पालट जाणवल्यावाचून राहिला नसेल. पूर्वी ज्या पुस्तिकेत संचालकांचे निवेदन, ताळेबंद, नफातोट्याचे पत्रक आणि हिशेबतपासनिसांचा अहवाल एवढाच ऐवज असे, तीत आता कंपनीने वर्षभरात किती टन कर्बवायू हवेत सोडला, किती पाणी उपसले आणि त्यातले किती शुद्ध करून परत सोडले, किती कामगार जायबंदी झाले, स्त्रियांना एकूण वेतनापैकी किती हिस्सा मिळाला, लहान पुरवठादारांची बिले किती दिवसांनी चुकती झाली, अशा माहितीची पानेच्या पाने भरलेली आढळतात. या पानांच्या अखेरीस, बहुतेक वाचक जेथवर पोचतही नाहीत अशा जागी, एका त्रयस्थ संस्थेच्या सहीशिक्क्याचे दोन-चार पानी पत्र जोडलेले असते. त्यात वरील आकडे आम्ही तपासले आणि ते आम्हांस योग्य वाटले, असा दाखला दिलेला असतो. त्या दाखल्याचे मोल किती आणि ते कशावर ठरते, हे सामान्य वाचकापुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही पाने कंपन्यांनी केवळ स्वखुशीने छापलेली नाहीत. उद्योगधंद्यांच्या सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारीविषयी केंद्र सरकारने २०११ साली ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, पुढच्याच वर्षी शेअरबाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांना त्यांनुसार अहवाल देणे बंधनकारक केले, आणि २०२१ च्या मे महिन्यात त्या अहवालाचा नमुना पार बदलून ‘व्यवसाय-उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल’, म्हणजे व्यवहारात ज्याला बी.आर.एस.आर. म्हणतात तो, अमलात आणला. २०२२-२३ या वर्षापासून तो पहिल्या हजार कंपन्यांना सक्तीचा आहे. तथापि कंपनीने स्वतःविषयी लिहावे आणि स्वतःच ते खरे म्हणावे, एवढ्यावर भागणार नाही हे सेबीला उमगले होते. म्हणून १२ जुलै २०२३ च्या परिपत्रकाने या विस्तृत अहवालातले नऊ विषय निवडून काढण्यात आले. कर्बवायू, पाणी, ऊर्जा, कचरा, कामगारांची सुरक्षितता, स्त्रियांचा सहभाग, सर्वसमावेशक विकास, ग्राहक व पुरवठादार यांच्याशी सचोटी आणि व्यवहारातला खुलेपणा, असे ते विषय असून या गाभ्याला ‘बी.आर.एस.आर. कोअर’ असे नाव आहे. त्यातील आकड्यांची त्रयस्थाकडून ‘वाजवी खात्री’च्या दर्जाची तपासणी करून घ्यावी असे फर्मावण्यात आले: पहिल्या दीडशे कंपन्यांनी २०२३-२४ पासून, अडीचशेंनी २०२४-२५ पासून, पाचशेंनी २०२५-२६ पासून आणि सगळ्या हजारांनी २०२६-२७ पासून.

यात आपला काय संबंध, असे म्युच्युअल फंडात दरमहा हजार-दोन हजार रुपये टाकणाऱ्या माणसाला वाटणे साहजिक आहे. पण पर्यावरण व समाज यांचा विचार करणाऱ्या कंपन्यांतच पैसा गुंतवू असे सांगणाऱ्या ज्या योजना आज विकल्या जातात, त्यांनी आपल्या निधीचा किमान ६५ टक्के हिस्सा असा दाखला मिळवलेल्या कंपन्यांतच ठेवावा असा सेबीचा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. म्हणजे ज्या पत्राकडे कोणी ढुंकून पाहत नाही, त्याच पत्राच्या भरवशावर सामान्यांची बचत कोणत्या कारखान्याकडे जाईल हे ठरू लागले आहे. आणि बचतीचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ज्या गावाच्या नाल्यात कारखान्याचे पाणी उतरते त्या गावाला हा आकडा खरा असण्याशी जे कर्तव्य आहे, ते कोणत्याही भागधारकाहून अधिक आहे.

अशा दाखल्यांच्या दोन पायऱ्या असतात आणि त्यांतला भेद वाचकाने ओळखला पाहिजे. ‘वाजवी खात्री’ देणारा तपासनीस आपले मत होकारार्थी मांडतो: आमच्या मते हे आकडे सर्व महत्त्वाच्या बाबतींत ठरलेल्या निकषांनुसार आहेत. तसे म्हणता यावे म्हणून त्याला मूळ नोंदी पाहाव्या लागतात, आकडा जेथे जन्मतो तेथपासून तो जेथे छापला जातो तेथपर्यंतच्या वाटेची परीक्षा करावी लागते, काही ठिकाणी प्रत्यक्ष जावे लागते. ‘मर्यादित खात्री’ देणारा मात्र एवढेच म्हणतो, की आकडे चुकीचे आहेत असे मानण्याजोगे काही आमच्या निदर्शनास आले नाही. आणि हे वाक्य लिहिण्यासाठी मुख्यतः अधिकाऱ्यांना विचारपूस करणे आणि आकड्यांचा परस्परांशी मेळ बसतो की नाही एवढे पडताळणे पुरेसे मानले जाते. ज्याने फारसे पाहिलेच नाही, त्याच्या निदर्शनास काही न येणे यात नवल नाही. युरोपीय संघाने २०२२ च्या आपल्या निर्देशात आधी मर्यादित आणि कालांतराने वाजवी अशी चढण आखली होती, परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ती दुसरी पायरीच गाळण्याचा प्रस्ताव पुढे केला. त्या मानाने भारताने पहिल्याच पावलाला वरची पायरी गाठण्याचे धाडस केले, याबद्दल सेबीला श्रेय दिलेच पाहिजे.

परंतु पायरीचे नाव वरचे असले म्हणून तपासणी तितकी खोल जातेच असे नाही, आणि हे समजण्यासाठी पैशाच्या हिशेबतपासणीचा इतिहास थोडा उलगडून पाहणे उपयुक्त होईल. वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलेला किंग्स्टन कॉटन मिलचा खटला इंग्लंडच्या अपील न्यायालयात १८९६ साली चालला. त्या गिरणीचा व्यवस्थापक वर्षानुवर्षे सुताचा व कापसाचा साठा फुगवून दाखवी. नसलेल्या मालामुळे नसलेला नफा दिसे, आणि त्या नफ्यातून लाभांश वाटला जाई. तपासनिसांनी साठ्याचा आकडा व्यवस्थापकाच्या प्रमाणपत्रावरून जसाच्या तसा ताळेबंदात येऊ दिला, कोठीत जाऊन गाठोडी मोजली नाहीत. न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तपासनिसाने राखण करावी, पण संशयाचे कारण नसताना माग काढीत हिंडणे हे त्याचे काम नव्हे, असा त्या निकालाचा मथितार्थ होता आणि पुढची कित्येक दशके तोच या व्यवसायाचा आधार राहिला. त्यानंतर १९३८ साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषधांच्या मोठ्या कंपनीचे प्रकरण उजेडात आले, तेव्हा तिच्या ताळेबंदातला सुमारे एक कोटी डॉलरचा कच्च्या औषधांचा साठा, जो कॅनडातल्या गोदामांत असल्याचे कागदोपत्री दिसत होते, तो कोठेच अस्तित्वात नसल्याचे आढळले. कागद सारे नीटनेटके होते. गोदामात मात्र कोणी गेले नव्हते. १९३९ साली तेथील हिशेबतपासनिसांच्या संघटनेने साठ्याची मोजणी स्वतः हजर राहून पाहणे आणि येणे रकमांची रुजवात परस्पर ऋणकोकडून घेणे, हे तपासणीचे अंग ठरवले. व्यवस्थापकाच्या प्रमाणपत्रापासून गोदामाच्या दारापर्यंत जायला या व्यवसायाला अशी चाळिसाहून अधिक वर्षे लागली, आणि तीही दोन-दोन फसवणुकी पचवून. आपल्याकडे सत्यम कंपनीचे प्रकरण २००९ च्या जानेवारीत उघडकीस आले, तेव्हा बँकेतल्या ज्या शिलकेचा दाखला पुढे करण्यात आला होता ती शिलकच नव्हती, हे स्मरणात ठेवले तर जुना धडा पुनःपुन्हा गिरवावा लागतो हेही ध्यानी येईल.

शाश्वततेच्या अहवालांची तपासणी आज या वाटेवर कोठे उभी आहे? माझ्या समजुतीप्रमाणे ती अजून किंग्स्टनच्या आसपासच आहे, आणि याचे कारण तपासनिसांची अनास्था एवढेच नसून या आकड्यांची घडणच तशी आहे. पैशाच्या प्रत्येक व्यवहाराला दुसरी बाजू असते; मी दिले म्हणजे कोणाला तरी मिळाले, आणि त्याच्या वहीत त्याची नोंद असते. पाण्याची गोष्ट तशी नाही. औद्योगिक महामंडळाच्या नळाला मीटर असतो आणि त्याचे बिल येते, परंतु आवारातल्या कूपनलिकेतून उपसलेल्या पाण्याला किंवा टँकरने आणलेल्या पाण्याला दुसऱ्या कोणाच्या वहीत नोंद असेलच असे नाही. विजेचा आकडा पक्का असतो, कारण वीज कंपनी तो मोजते; एक कोटी युनिट वापरले तर देशाच्या जाळ्यातल्या विजेच्या सरासरी गुणकाने सुमारे सात हजार टन कर्बवायू धरता येतो. पण जनित्रात जाळलेले डिझेल, वातानुकूलन यंत्रांतून गळून गेलेला वायू, कारखान्याबाहेर जाणाऱ्या कचऱ्याचे वजन, यांचे आकडे कोणत्या तरी पाळीवरच्या माणसाने रजिस्टरात लिहिलेले, तेथून एक्सेलच्या तक्त्यात उतरवलेले, आणि त्या तक्त्यांतून बेरजा करीत मुख्य कचेरीत पोचलेले असतात. प्रत्येक मुक्कामावर चूक शिरण्याला वाव असतो, आणि इच्छा असेल तर लबाडीलाही.

माणसांविषयीच्या आकड्यांत हा वाव आणखी वाढतो. दर दहा लाख मनुष्य-तासांमागे कामाचे दिवस बुडवणारे अपघात किती झाले, हा आकडा बी.आर.एस.आर. मध्ये कायम कर्मचाऱ्यांबरोबर कामगारांसाठीही द्यावा लागतो आणि त्यात कंत्राटी कामगारही येतात. आता कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या माणसाचे बोट यंत्रात सापडले, आणि त्याला खाजगी दवाखान्यात नेऊन मलमपट्टी करून दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर हजर दाखवून कोपऱ्यात बसवून ठेवले, तर तो अपघात कोणत्याही रजिस्टरात उमटत नाही. आणि मुख्य कचेरीत बसून आकड्यांची बेरीज तपासणाऱ्याला तो कधीही दिसणार नाही. तो दिसायला हजेरीपट आणि प्रथमोपचाराची वही शेजारी-शेजारी ठेवून पाहावी लागते, आणि त्या कामगाराशी, मुकादम समोर नसताना, दोन शब्द बोलावे लागतात.

यात भर म्हणजे या हिशेबाला एक समान माप नाही. ताळेबंदातल्या चुका रुपयांत मोजता येतात, आणि नफ्याच्या अमुक टक्क्यांहून लहान चूक क्षम्य असे ठरवता येते; पण दहा टन कर्बवायू आणि एक मृत्यू यांची बेरीज करता येत नाही, म्हणून कोणती चूक मोठी मानावी याचा विचार प्रत्येक आकड्यापुरता वेगळा करावा लागतो. आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानक मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेले आय.एस.एस.ए. ५००० हे मानक या प्रश्नाला थेट भिडते, आणि १५ डिसेंबर २०२६ पासून सुरू होणाऱ्या कालखंडांना ते लागू होणार आहे. आपल्याकडे सनदी लेखापालांच्या संस्थेने या कामासाठी एस.एस.ए.ई. ३००० हे मानक केले आहे. मानके उत्तम आहेत. पण मानक तपासनिसाला कोणती चौकशी करावी ते सांगते. जे सापडेल ते लिहिण्याची मोकळीक त्याला कोणी द्यावी, हा प्रश्न मानकाच्या कक्षेत अर्धाच बसतो.

या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही, कारण त्याचा जगातला बहुधा सर्वांत निर्णायक पुरावा आपल्या शेजारच्या गुजरातेत मिळाला आहे. १९९६ साली गुजरात उच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथील अधिक प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी मान्यताप्राप्त त्रयस्थ परीक्षकाकडून पर्यावरणाची तपासणी करून घेऊन तिचा अहवाल राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवण्याचे बंधन घालण्यात आले. परीक्षक नेमायचा कारखान्याने, आणि मेहनताना द्यायचा तोही कारखान्यानेच, अशी व्यवस्था होती. २००९ ते २०११ या काळात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी मंडळाच्या सहकार्याने अहमदाबाद व सुरत या भागांतल्या ४७३ कारखान्यांवर एक प्रयोग केला. सुमारे निम्मे कारखाने जुन्या रिवाजाने चालू ठेवले. उरलेल्यांत परीक्षक कोणत्या कारखान्याला जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवले. त्याचे मानधन एका सामायिक निधीतून आणि ठरावीक दराने दिले. त्याने घेतलेल्या मोजमापांपैकी काहींची फेरतपासणी दुसऱ्या तज्ज्ञांकडून, कोणती होणार हे आधी न कळवता, करवली. आणि दुसऱ्या वर्षी मानधनाचा काही भाग त्याच्या मोजमापांच्या अचूकपणाशी बांधला.

निष्कर्ष वाचून मन विषण्ण होते. जुन्या रिवाजात परीक्षकांच्या अहवालांनुसार धुरातल्या कणांची मर्यादा फक्त ७ टक्के कारखाने ओलांडत होते. स्वतंत्र मोजमापाने पाहिले तर ५९ टक्के ओलांडत होते. अहवालांतले आकडे कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या किंचित खाली दाटीवाटीने जमलेले होते, जणू साऱ्या कारखान्यांच्या चिमण्यांनी संगनमताने तेवढाच धूर सोडायचे ठरवले असावे. नव्या रिवाजातल्या परीक्षकांनी मात्र कारखाना मर्यादेत आहे असे खोटे लिहिण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी कमी झाले. यातली सर्वांत बोलकी गोष्ट ही, की माणसे बदललेली नव्हती: एकाच वेळी दोन्ही रिवाजांत काम करणारे परीक्षक एकीकडे खरे आणि दुसरीकडे खोटे लिहीत होते. आणि परीक्षकाने खरे लिहिले की कारखान्यांनी, विशेषतः सर्वांत जास्त प्रदूषण करणाऱ्यांनी, धूर आणि सांडपाणी प्रत्यक्षात कमी केले. जानेवारी २०१५ मध्ये गुजरात मंडळाने परीक्षकांची यादृच्छिक नेमणूक नियमितपणे स्वीकारली.

मी या प्रयोगावर मुद्दाम रेंगाळलो, कारण त्रयस्थ तपासणीचा दर्जा कशाने वाढतो याविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतांशी प्रशिक्षण, प्रमाणपत्रे, मानके आणि तपासनिसांची नीतिमत्ता यांभोवती फिरते. अहमदाबादच्या त्या परीक्षकांना मोजता येत नव्हते असे मुळीच नाही. धूर किती आहे हे त्यांना उत्तम कळत होते. जो कारखानदार आपल्याला यंदा बोलावतो तोच पुढल्या वर्षी बोलावील की नाही, हा विचार ज्या हातात लेखणी आहे त्या हातावर दाब टाकीत होता. त्या दाबाचा उपाय परीक्षकाच्या चारित्र्यात शोधणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय. तो उपाय नेमणूक आणि मोबदला यांच्या तजविजीत आहे.

अशा दाबाची किंमत केवढी होऊ शकते, हे ब्राझीलमध्ये दिसले. २५ जानेवारी २०१९ रोजी मिनास जेराइस राज्यातील ब्रुमाडिन्यो गावाजवळ वाले या बलाढ्य खाण कंपनीच्या लोखंडाच्या खाणीतला गाळ अडवणारा बांध फुटला आणि २७० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतले कित्येक कामगार बांधाच्या खालच्या अंगाला असलेल्या उपाहारगृहात दुपारचे जेवण घेत होते. आधल्याच वर्षी एका बाहेरच्या अभियांत्रिकी संस्थेने हा बांध स्थिर असल्याचा दाखला दिला होता, आणि तपास करणाऱ्या सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार, तत्पूर्वी दुसऱ्या एका संस्थेने तसा दाखला द्यायला नकार दिला तेव्हा तिच्या जागी नवी संस्था आणण्यात आली होती. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने एप्रिल २०२२ मध्ये वालेवर दावा लावला, त्यात कंपनीने आपल्या शाश्वतता अहवालांतून बांधांच्या सुरक्षिततेविषयी गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याचा आरोप होता. मार्च २०२३ मध्ये सुमारे ५ कोटी ५९ लाख डॉलर देऊन कंपनीने तो तडजोडीने मिटवला. नकार देणाऱ्याला बदलता येत असेल, तर होकार देणाऱ्याच्या सहीला काय अर्थ उरतो?

सेबीने या बाबतीत अगदीच डोळेझाक केलेली नाही. बी.आर.एस.आर. कोअरचा दाखला देणाऱ्या संस्थेने त्या कंपनीला किंवा तिच्या समूहातल्या कंपन्यांना सल्ला देण्याची वा तत्सम अन्य सेवा पुरवू नये आणि तिचे हितसंबंध गुंतलेले नसावेत, ही अट संचालक मंडळावर घातली आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. जो माणूस अहवाल लिहायला मदत करतो त्यानेच तो तपासावा हा उघड अनर्थ तिने टळतो. पण नेमणूक संचालक मंडळाच्याच हाती राहिली आहे, मोबदलाही तेच ठरवते, आणि पुढल्या वर्षी दुसऱ्याला बोलावण्याची मुभाही त्यालाच आहे. शिवाय दाखला देणारा सनदी लेखापालच असला पाहिजे असे बंधन नाही. हे मला तत्त्वतः मान्य आहे, कारण सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचे यंत्र चालू आहे की केवळ देखाव्यापुरते उभे आहे हे ओळखायला लेखापालापेक्षा अभियंता अधिक लायक. पण सनदी लेखापालाने कसूर केली तर त्याच्या संस्थेच्या शिस्तपालन समितीपुढे त्याला जाब द्यावा लागतो, तसा जाब इतरांनी कोणापुढे द्यावा हे तितके स्पष्ट नाही. डिसेंबर २०२४ च्या निर्णयानुसार आणि मार्च २०२५ च्या परिपत्रकाने तर ‘खात्री’च्या जागी ‘मूल्यमापन किंवा खात्री’ असा विकल्प देण्यात आला, आणि मूल्यमापनाचे निकष उद्योगसंघटनांच्या मंचाने सेबीशी विचारविनिमय करून ठरवावेत असे योजले. त्याच सुमारास पुरवठासाखळीविषयीची माहितीही ऐच्छिक करण्यात आली. खर्च कमी व्हावा आणि एकाच व्यवसायाला मक्तेदारी मिळू नये, ही जी कारणे दिली गेली ती खोटी नाहीत. तरीही ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांच्याच मंचाकडे प्रश्नपत्रिकेचा मसुदा सोपवणे मला पटत नाही, आणि मला वाटते की या बदलाने तपासणीचा दर्जा खाली येण्याचा धोका खरा आहे.

कंपनीच्या वर्तनाची त्रयस्थाकडून परीक्षा करवणे हे आपल्या देशाला नवीन नाही, आणि ती परीक्षा केवळ गुंतवणूकदारांसाठीच असली पाहिजे असेही नाही. १९८० च्या आसपास टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या नियमावलीत स्वतःच घालून घेतलेली समाजाविषयीची कर्तव्ये कितपत पार पाडली याचा शोध घेण्यासाठी एक समिती नेमली. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल तिचे अध्यक्ष होते, आणि राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी व अहमदाबादचे लोकनेते पु. ग. मावळंकर हे सदस्य. नेमणूक कंपनीचीच होती, हे खरे. पण ही माणसे अशी होती की पुढल्या वर्षीच्या कामासाठी त्यांना कोणाकडे पाहण्याची गरज नव्हती. दुसरी वाट राजस्थानातल्या गरीब खेडुतांनी दाखवली. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी भरवली, तीत सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचून दाखवण्यात आली, आणि ज्यांची नावे त्या पटावर होती त्यांनी उठून सांगितले की आम्ही तेथे कामच केले नाही, किंवा केले तर पैसे मिळाले नाहीत. त्या सुनावण्यांतून वाढलेल्या विचाराला रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात ग्रामसभेच्या सामाजिक अंकेक्षणाच्या रूपाने जागा मिळाली. कारखान्याच्या अहवालातला पाण्याचा, अपघातांचा आणि कचऱ्याचा हिशेब त्याच्या वेशीवरच्या गावात मराठीतून, गुजरातीतून, तेलुगूतून वाचून दाखवला, तर तपासनिसाच्या दोन दिवसांच्या भेटीत जे दिसणार नाही ते तेथे पाच मिनिटांत कळेल. आज दाखल्यातल्या मजकुराशी गावाचा काहीच संबंध येत नाही; तो इंग्रजीत असतो आणि गुंतवणूकदारांना उद्देशून लिहिलेला असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरण लेखापरीक्षणाचे नवे नियम अधिसूचित केले, त्यांत नोंदणीकृत परीक्षकांची कारखान्यांवर नेमणूक यादृच्छिक पद्धतीने व्हावी अशी तरतूद आहे. गुजरातचा अनुभव अशा रीतीने देशाच्या पर्यावरण कायद्यात उतरू लागला असताना शेअरबाजाराच्या कायद्यात तो का उतरू नये, हे मला समजत नाही. नोंदणीकृत कंपन्या शेअरबाजाराला वार्षिक शुल्क भरतातच. त्याबरोबर तपासणीचे शुल्कही एका सामायिक निधीत जमा व्हावे, पात्र संस्थांच्या यादीतून नेमणूक बाजाराने करावी, तीन किंवा पाच वर्षांनी ती आपोआप बदलावी, आणि दरवर्षी काही दाखल्यांची फेरतपासणी अचानक व्हावी. मोठ्या कंपन्यांचे व्यवहार गुंतागुंतीचे असतात, परक्या तपासनिसाला ते समजायला वेळ लागेल, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पण समजायला वेळ लागणारा आणि नकार देऊ शकणारा तपासनीस, सगळे समजणाऱ्या पण नकार देऊ न शकणाऱ्या तपासनिसाहून समाजाच्या अधिक उपयोगाचा आहे. २०२६-२७ हे आर्थिक वर्ष सगळ्या हजार कंपन्यांना या तपासणीच्या कक्षेत आणते, आणि त्यांचे दाखले २०२७ च्या पावसाळ्याच्या सुमारास भागधारकांच्या हाती पडतील. कारखान्यांत मीटरवरचे आणि रजिस्टरातले जे आकडे त्या दाखल्यांत तपासले जातील, त्यांची मोजणी त्या वर्षाच्या एप्रिलपासूनच सुरू होते. म्हणून नेमणुकीची ही तजवीज सेबीने त्या दाखल्यांची वाट न पाहता हाती घ्यावी.